टीसी-१ ते टीसी-६ : सहा गटांचा खटाटोप कुणासाठी?

दूरदेशी (धागाकर्ता) : काल येथेच एका सदस्यांनी लिहिले की, ‘ट्रिपानोसोमा क्रूझी या शागास रोगाच्या परजीवीचे सहा गट पाडणे हा बिनकामाचा उद्योग आहे; औषधे दोनच, मग गट सहा असोत की साठ, रुग्णाला त्याचे काय?’ हे वाचून गप्प बसवेना. टीसी-१ ते टीसी-६ ही या गटांची नावे २००९ साली ठरली ती हौसेपोटी नव्हे. त्यापूर्वी निरनिराळ्या प्रयोगशाळा आपापली नावे वापरीत, आणि ब्राझीलचे निष्कर्ष कोलंबियाच्या निष्कर्षांशी ताडून पाहणे जिकिरीचे होई. या रोगातील अन्ननलिका आणि मोठे आतडे फुगून निकामी होण्याचा विकार मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडील देशांत दिसतो, जेथे माणसांत टीसी-२, टीसी-५ आणि टीसी-६ यांचे प्राबल्य आहे. अ‍ॅमेझॉनच्या उत्तरेस, टीसी-१च्या मुलखात, तो विरळा आहे. हा निव्वळ योगायोग मानायचा काय?

स्पष्टवक्ता : ते वाक्य माझेच, आणि मी ते मागे घेत नाही. दक्षिणेत परजीवी निराळा, तसे तो पसरवणारे ढेकूणही निराळे आणि माणसेही निराळी. टीसी-१ सौम्य असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले, पण त्याच टीसी-१ने व्हेनेझुएला आणि कोलंबियात हृदये निकामी केली आहेत. शिवाय एकाच रुग्णात दोन गट सापडतात, आणि रक्तात सापडलेला गटच हृदयाच्या स्नायूत असेल याची खात्री नसते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला २००४ साली ट्रिपानोसोमाच्याच दुसऱ्या जातीमुळे होणारा जनावरांचा सर्रा रोग झाला, तेव्हा उलगडा परजीवीत नव्हे, तर रुग्णाच्या रक्तातील एपीओएल-१ या संरक्षक प्रथिनाच्या अभावात सापडला. यजमानाकडे कोणी पाहणार आहे की नाही?

जनुकवेडा : दोघांचेही गृहीतक कच्चे आहे, कारण गट म्हणजे पोलादी कप्पे नव्हेत. टीसी-५ आणि टीसी-६ हे टीसी-२ व टीसी-३ यांचे संकर आहेत. २००५ साली या परजीवीच्या ज्या सीएल ब्रेनर वाणाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) प्रसिद्ध झाला तोही संकरच, त्यात निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्तींचा. त्याचे तुकडे जोडणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते मी स्वानुभवाने सांगू शकतो, कारण अशाच एका जीनोमपायी माझी उमेदीची तीन वर्षे गेली. आणि कृपया ‘चागास’ लिहू नका. उच्चार ‘शागास’ आहे.

दूरदेशी : येथे ‘चागास’ कोणीही लिहिलेले नाही. संकर झाले हे मान्य, परंतु ते क्वचित झाले. एरवी हा परजीवी विभाजनानेच वाढतो. परजीवी-संशोधक तिबेरेंक आणि सहकारी १९९० पासून हेच मांडत आले आहेत.

जनुकवेडा : १९९० नंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. दोन वाणांचा संकर प्रयोगशाळेत घडवल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१९ साली दक्षिण इक्वाडोरमधील टीसी-१मध्ये लैंगिक पुनरुत्पादनाच्या जनुकीय खुणा मिळाल्या. वाचन अद्ययावत ठेवावे, ही नम्र विनंती.

दूरदेशी : एका प्रांतातील नमुन्यांवरून साऱ्या खंडाची लग्ने लावणाऱ्यांनी इतरांच्या वाचनाची काळजी वाहू नये.

टेक्ससकर : आपली लग्ने आटोपली असल्यास एक अनुभव सांगते. माझ्या शेजारीणबाई एल साल्वादोरच्या आहेत. त्यांनी रक्तदान केल्यावर रक्तपेढीचे पत्र आले की शागासची चाचणी सकारात्मक आहे. पुढे दुसऱ्या चाचणी-संचाने ती नकारात्मक आली, तिसऱ्याने संदिग्ध. आठ महिने मी दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत खेटे घातले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील रुग्णांत अनेक चाचण्या कमी पडतात, हे नोंदलेले आहे, आणि तेथील वाणांचे वेगळेपण हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. ‘रुग्णाला त्याचे काय’ हे त्या बाईंना विचारा.

स्पष्टवक्ता : चाचणीपुरते मान्य करतो, कारण आठ महिन्यांच्या खेट्यांशी वाद घालणे मला जमत नाही. उपचारांपुरते मुळीच नाही.

दूरदेशी : मग २०१५ साली प्रसिद्ध झालेली बेनेफिट ही औषधाची चाचणी पाहा. शागासच्या त्या २,८५४ हृदयरुग्णांत बेंझनिडाझोलने (दोन औषधांपैकी एक) रक्तातील परजीवीचा मागमूस ब्राझीलमध्ये अधिक जणांत पुसला, कोलंबिया आणि एल साल्वादोरमध्ये कमी जणांत.

स्पष्टवक्ता : अर्धेच सांगितलेत. हृदयविकाराची वाटचाल त्या औषधाने अर्थपूर्ण प्रमाणात रोखली नाही, आणि ब्राझीलही त्याला अपवाद ठरला नाही. टेक्ससकर, त्या बाईंचा गट शेवटी कोणता निघाला?

टेक्ससकर : कोणी तपासलाच नाही. बेंझनिडाझोल सुरू आहे, साठ दिवसांपैकी एकविसावा दिवस; अंगावर पुरळ उठले आहे.