न्यूरोब्लास्टोमावर पीएचडी : विषय फारच चिंचोळा आहे का?

टिपकागद : नमस्कार मंडळी. पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएचडीसाठी एका ठिकाणी विषय मिळतोय : न्यूरोब्लास्टोमा आणि हायपॉक्सिया, म्हणजे लहान मुलांच्या चेतापेशींची कॅन्सरची गाठ आणि तिथली ऑक्सिजनची टंचाई. घरी सांगितलं तर आईने एकच विचारलं, "यातून पोरं बरी होणार का?" मी गप्प बसले. पाच वर्षं निघतील, पण अख्खं आयुष्य एवढ्याशा विषयावर काढता येतं का? कुणी केलंय का यात काम?

रात्रपाळी : मी केलंय. चार वर्षं, स्वीडनच्या दक्षिण टोकाला. आता ठाण्यात निदान चाचण्यांच्या धंद्यात आहे, तेव्हा लांबूनच बोलतेय.

चिंचोळा म्हणतेस तर स्वीडिश संशोधक स्वेन पोलमन यांचं काम बघ. १९८१ साली उप्सालात त्यांनी या गाठीच्या पेशींना टीपीए नावाचं रसायन घातलं, तर पेशींना चेतापेशीसारखे लांब तंतू फुटले. १९८४ साली तसंच रेटिनोइक आम्लाने, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रसायनाने. थोडक्यात, बेफाम वाढणारी पेशी वयात आणता येते. पुढे ते लुंड विद्यापीठात आले, माल्मोला. २००२ साली त्यांच्याच गटाने उलटी बाजू दाखवली : ऑक्सिजन तोडला की याच पेशी मागे सरकतात, भ्रूणातल्या न्यूरल क्रेस्टसारख्या, म्हणजे ज्या पेशींपासून पुढे चेतापेशी घडतात त्यांच्यासारख्या, कोवळ्या होतात. वीस वर्षं गेली, प्रश्न तोच : ही पेशी मोठी का होत नाही?

मग २००६, पुन्हा त्यांचाच गट. एचआयएफ म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशीत जागी होणारी प्रथिनं. त्यातला एचआयएफ-१ अल्फा टंचाईच्या सुरुवातीला धावून येतो आणि ओसरतो. एचआयएफ-२ अल्फा मात्र ५ टक्के ऑक्सिजनलाही टिकून राहतो, आणि ५ टक्के म्हणजे शरीरातल्या कितीतरी भागांत रोजचंच. गाठीत तो चांगला रक्तपुरवठा असलेल्या जागीही सापडतो. मला हे वाचून पहिल्यांदा धक्का बसला होता. टंचाई नसताना टंचाईची बोंब!

रोजचं काम कसं, तर काचेची पेटी, हात घालायला दोन बाह्या, आत १ टक्का ऑक्सिजन, बाहेर २१. हवा लागली की एचआयएफ-१ अल्फा पाचेक मिनिटांत निम्म्यावर येतो. एका डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारून आलेलं, मी प्लेटा बाहेर काढल्या आणि बघते तर लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचं द्रावण, अजून फ्रीझरमध्येच, दगडासारखा. तळहातात धरून वितळवला. दुसऱ्या दिवशी वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन आहे का ते दाखवणाऱ्या चाचणीत, पट्टी नाही, कोरी पाटी. कुणाला बोलले नाही, शनिवारी येऊन नव्या पेशी लावल्या.

त्या पेशी म्हणजे एसएच-एसवाय५वाय. मूळ नमुना १९७० साली एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून घेतलेला. कुपीवर नुसती अक्षरं असतात. मला बरेच महिने हे माहीतच नव्हतं.

आता आईचं. रेटिनोइक आम्लाचा भाऊ आयसोट्रेटिनॉइन, अतिजोखमीच्या मुलांना केमो वगैरे संपल्यावर देतात. १९९९ च्या अमेरिकी चाचणीत फायदा दिसला. मुरुमांवरची गोळी तीच. ऑक्सिजनच्या वाटेने मात्र या मुलांच्या हाती अजून औषध पडलेलं नाही. एचआयएफ-२ रोखणारं बेल्झुटिफान २०२१ ला अमेरिकेत मंजूर झालं, पण तेव्हा ते मोठ्यांसाठी, व्हीएचएल या आनुवंशिक आजारातल्या गाठींवर. आईला दोन्ही सांग.

बालवॉर्ड : मी डॉक्टर आहे, संशोधक नाही. पोट फुगलंय म्हणून आणतात, कधी डोळ्यांभोवती काळंनिळं, 'पडला असेल' म्हणून. काही तान्ह्या बाळांत ही गाठ यकृतापर्यंत पसरलेली असते आणि तरी आपोआप विरते. चार वर्षांच्या पोरात पसरली की बऱ्याचदा उपचारांना पुरती दाद देत नाही. जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायची मोहीम होती. गाठी ढीगभर सापडल्या, पण बऱ्याच अशा विरणाऱ्याच. शेवटी मोहीम बंद केली. एकाच नावाखाली दोन वेगळे आजार वाटावेत असं प्रकरण आहे. चिंचोळं नाही हो!

कोपरखळी : विषय राहू दे, गाईड बघ. फेलोशिप वेळेवर येते का आणि त्या पेटीला लागणारा नायट्रोजनचा सिलिंडर संपला की कोण आणतं, हे आधी विचार. आमच्याकडे मीच आणायचो. रिक्षातून.

टिपकागद : 😀 विचारलं. सिलिंडर गाडीतून येतो म्हणे. आईलाही गोळीचं सांगितलं. म्हणाली, "तुझ्या मावसबहिणीला दिलेली तीच ना? ओठ किती फुटायचे तिचे."

रात्रपाळी : तीच. या पोरांचेही फुटतात.