हवेतून कार्बन ओढणारी पावडर: कामाची की नुसता गाजावाजा?

धुराडं: २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या ग्रुपने सीओएफ-९९९ नावाची सच्छिद्र पिवळी पावडर केली (सीओएफ म्हणजे कार्बनी रेणू जाळीसारखे जोडून केलेला पदार्थ), २०० ग्रॅम पावडर वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढेल म्हणे. केमिस्ट्री भारीच आहे, वाद नाही. पण हवेत हा गॅस ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास आणि कोळशाच्या धुराड्यात १२ ते १५ टक्के, म्हणजे तीनशे पट दाट, मग विरळ हवेच्या मागे कशाला लागायचं? आधी धुराड्याला बसवा की!

तिरकस: असहमत. धुरात गंधकाचे ऑक्साइड असतात, ते पावडरीतल्या अमाइनला (कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारं नायट्रोजनवालं रसायन) असे चिकटतात की सुटता सुटत नाहीत, पावडर कायमची बाद. आणि जो गॅस आधीच वर जाऊन बसलाय तो तुमचं धुराडं कसा काढणार?

धुराडं: गंधक काढायची सोय असते हो धुराड्याला. बरं, जुन्या कारखान्यात नसते, मान्य.

भट्टीवाली: तुम्ही दोघं उष्णतेबद्दल बोलतच नाही, खरी मेख तिथे आहे. नेहमीच्या पद्धतीत अमाइन पाण्यात कालवतात आणि गॅस सोडवायला ते सगळं पाणी १२० डिग्रीच्या आसपास तापवत बसतात, निम्मी ऊर्जा पाण्यातच जिरते. इथे अमाइन छिद्रांच्या आतच गुंफलेलं, त्यामुळे ६० डिग्रीला काम होतं, कारखान्याची वाया जाणारी उष्णताही पुरेल. शिवाय २००५ चे पहिले सीओएफ बोरॉनवाले, पाणी लागलं की ढासळायचे. हे उलट दमट हवेत कोरड्यापेक्षा दुप्पट धरतं. आणि गॅस धरून सोडायच्या १०० फेऱ्यांनंतरही क्षमता तशीच!

तिरकस: +१

हिशोबनीस: थांबा जरा. दमट हवेत २०० ग्रॅम पावडर एका फेरीत साधारण १८ ग्रॅम गॅस धरते. २० किलो म्हणजे वर्षाला हजारावर फेऱ्या, दिवसाला तीन. म्हणजे तुमच्या १०० फेऱ्या जेमतेम महिनाभराचं काम, त्यावर कसल्या उड्या मारताय? आणि जग वर्षाला ३७०० कोटी टन सोडतं, त्यातले १०० कोटी ओढायचे तरी १ कोटी टन पावडर लागेल, ती कोण बनवणार?

भट्टीवाली: मग काय, टिकते का ते बघायच्या आधीच मोडीत काढायची?

हिशोबनीस: मोडीत नको, पण वर्षभर चालवून दाखवा, मग धुराड्याला लावायची की हवेत ते भांडू.