मदत हवी आहे: पेज कॅशिंग चालू असूनही गर्दीच्या वेळी सर्व्हर बसतो

नमस्कार मंडळी,

आमची बातम्यांची साइट पीएचपीवर चालते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे आणि त्याच्या फास्टसीजीआय कॅशची (पीएचपीने बनवलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रतींची) मुदत 60 सेकंद ठेवली आहे. एरवी सगळं सुरळीत असतं, पण मोठी बातमी आली आणि वाचकांना नोटिफिकेशन गेलं की दोन मिनिटांत 504 (मागून वेळेत उत्तर न आल्याचा एरर) दिसायला लागतो. लोकांना माहिती हवी असते नेमक्या त्याच वेळी साइट उघडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

काल लॉगमध्ये कॅशची स्थिती नोंदवून पाहिली. मुखपृष्ठाला हिट (म्हणजे साठवलेली प्रत मिळाली), हिट, हिट... आणि मग एकाच सेकंदात एक्स्पायर्डच्या 38 ओळी. पुन्हा हिट. दर मिनिटाला हेच. म्हणजे मुदत संपल्यावर नवीन प्रत तयार होईपर्यंत जो येईल तो थेट पीएचपीच्या दारात. पीएचपीचे वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारे) 40 आहेत, ते भरले की सगळंच अडतं.

नोटिफिकेशनमधल्या बातमीला तर सगळे मिसच, म्हणजे साठवलेली प्रत सापडतच नाही. तिच्या लिंकला प्रत्येक वाचकासाठी वेगळा ट्रॅकिंग कोड जोडलेला असतो.

मुदत 10 मिनिटं करून पाहिली, पण मग बातमीतली चूक दुरुस्त केली तरी जुनंच पान दिसत राहतं. संपादकांना ते चालत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. मुदत न वाढवता हे कसं सोडवायचं?

प्रतिसाद

मुदत 60 सेकंदच राहू द्या, दुखणं तिथे नाही.

आधी कॅश की बघा, म्हणजे साठवलेली प्रत ज्या नावाने शोधली जाते ते. तिच्यात रिक्वेस्ट युआरआय (वाचकाने मागितलेला पूर्ण पत्ता) असेल तर प्रश्नचिन्हापुढचा कोडही येतो आणि एकाच बातमीच्या हजारो प्रती बनतात. ट्रॅकिंगचा भाग एनजिनएक्सचं मॅप हे सेटिंग वापरून काढून टाका. पान क्रमांकासारखे खरे पॅरामीटर मात्र राहू द्या. घाईत नुसता युआरआय व्हेरिएबल (वळवल्यानंतरचा अंतर्गत पत्ता) घालू नका. सगळी पानं इंडेक्स डॉट पीएचपीकडे वळवली असतील तर सगळ्यांची की एकच होते आणि एका बातमीच्या जागी दुसरीच उघडते. हे मी स्वतः भोगलंय.

मग यूज स्टेल या सेटिंगमध्ये अपडेटिंग घाला आणि बॅकग्राउंड अपडेट चालू करा. मुदत संपली की एकच विनंती मागे जाते, बाकीच्यांना तोवर जुनी प्रत मिळते. ज्या पानाची प्रतच नाही, त्याच्यासाठी कॅश लॉक लागतं, म्हणजे एकच विनंती पान बनवते आणि बाकीच्या थांबतात. ते मुळात बंद असतं. त्याची वाट पाहण्याची मुदत 5 सेकंद असते. पान बनायला त्याहून जास्त वेळ लागला तर थांबलेली सगळी गर्दी पीएचपीवर जाते, म्हणून लॉक टाइमआउट (ही थांबण्याची मुदत) आणि लॉक एज (आणखी एक विनंती मागे सोडण्याआधीची मुदत) दोन्ही वाढवा.

आणि कुकी तपासा. उत्तरात सेट-कुकी (ब्राउझरला कुकी ठेवायला सांगणारा हेडर) असेल तर एनजिनएक्स ते पान साठवतच नाही. तो हेडर दुर्लक्षित करायला सांगणारे बरेच भेटतील, पण तसं केलं तर एकाचं सेशन (त्याची ओळख ठेवणारी नोंद) दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. लॉगिन न केलेल्यांसाठी सेशन सुरूच करू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार! की बदलली, अपडेटिंग आणि लॉक लावलं आणि चाचणीच्या सर्व्हरवर तेवढीच गर्दी सोडली. मुखपृष्ठाला आता मिनिटाला एकच विनंती मागे जाते. बातमीच्या पानावर मात्र अजून मिस येताहेत. तिथे सेट-कुकी सापडली. मतचाचणीचा कोड सगळ्यांसाठीच सेशन उघडतोय. तो आज दुरुस्त करून इथे कळवतो.