सोळा वर्षं नोकरी, तरी यादीच्या तळाला: हे न्याय्य होतं का?

घाटवाट

परवा एका लग्नात विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाचा विषय निघाला. 'जो आधी लागला तो वर, यात भांडण्यासारखं काय आहे?' असं एक गृहस्थ म्हणाले. जेवणाच्या पंगतीत उत्तर पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत पायलटचं सगळं ज्येष्ठता यादीतल्या नंबरवर चालतं. कोणतं विमान मिळणार, बेस कोणत्या शहरात, उजव्या खुर्चीतून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत कधी जाणार, नाताळ घरी की हॉटेलात, सगळं. कपात तळापासून वर जाते आणि परत बोलावताना ज्येष्ठ आधी येतो. कंपनी बदलली तर तुम्ही कितीही अनुभवी असा, नंबर शेवटचा. म्हणून दोन कंपन्या एकत्र आल्या की दोन याद्यांची एक यादी करायची कशी, यावर माणसं वर्षानुवर्षं कोर्टात जातात.

सप्टेंबर २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यूएस एअरवेज जुनी, शार्लट आणि फिलाडेल्फियाकडची, २००२ आणि २००४ अशी दोनदा दिवाळखोरीत गेलेली. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिने खालच्या पायलटांना फर्लोवर पाठवलं होतं. (फर्लो म्हटलं की आपल्याला कैद्याची रजा आठवते. तिथे अर्थ असा: पगार बंद, यादीत नाव कायम, गरज पडली की बोलावणं.) अमेरिका वेस्ट लहान, फीनिक्सची, १९८३ पासूनची, आणि त्या वर्षी नवीन भरती करत होती. पूर्वेचे (म्हणजे यूएस एअरवेजचे) सुमारे ५,१०० पायलट, पश्चिमेचे (अमेरिका वेस्टचे) १,९००. पूर्वेच्या त्या ५,१०० पैकी १,७०० घरी बसलेले.

दोघांचं जमलं नाही म्हणून जॉर्ज निकोलाऊ यांच्यासमोर लवाद झाला. मे २००७ मध्ये निवाडा आला. पूर्वेचे सर्वांत ज्येष्ठ सुमारे ५०० जण वर, कारण परदेशी जाणारी रुंद विमानं फक्त त्यांच्याकडे होती. मधले दोन्हीकडचे एकमेकांत मिसळलेले. आणि घरी बसलेले १,७०० सगळ्यांच्या तळाला. म्हणजे सोळा वर्षं विमान उडवलेला माणूस, फीनिक्सला काही महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाच्या खाली.

मला हा अन्याय वाटतो. कंपनी बुडाली ती पायलटमुळे नाही. पगार कापले, २००३ मध्ये पेन्शन योजना बंद केली, आणि वर सेवेची वर्षंही पुसली. असहमत असाल तर लिहा, पण सोळा वर्षं शून्य धरायची का, एवढ्याचं उत्तर द्या.

तिसरी_पट्टी

ठाम असहमत. मी स्वतः पायलट आहे, मुंबईतच राहतो.

माझी आधीची कंपनी बंद पडली. तिथे मी कमांडर होतो, खांद्यावर चार पट्ट्या. पुढच्या कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू झालो. पहिल्या दिवशी सकाळी बायकोने इस्त्री केलेल्या शर्टावर तीन पट्ट्यांचं एपॉलेट चढवलं आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. माझ्या डाव्या बाजूला बसलेला कॅप्टन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. उड्डाणानंतर तो मला 'सर' म्हणाला, याचंच जास्त वाईट वाटलं.

पण त्याची खुर्ची मागायचा हक्क मला नव्हता. ज्येष्ठता ही त्या त्या कंपनीच्या तब्येतीला बांधलेली असते. विलीनीकरणाच्या दिवशी त्या १,७०० जणांकडे नोकरीच नव्हती, बोलावणं येईल अशी आशा होती. फीनिक्सचा मुलगा त्या दिवशी विमान उडवत होता. एकत्र आल्यामुळे त्याची नोकरी आशेवर बसलेल्या माणसाच्या मागे का जावी? आणि अमेरिका वेस्ट आली नसती तर यूएस एअरवेज तिसऱ्यांदा उभी राहिली असती का?

हजेरीपट

मी विमानातलं काही जाणत नाही, शिक्षिका आहे. पण तिसरी_पट्टी, तुमचं वाचून राहवलं नाही.

संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) आमच्या शाळेच्या दोन तुकड्या कमी झाल्या आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी अतिरिक्त ठरले. समायोजन झालं, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवलं. नव्या शाळेत गेले तर मस्टरवर माझं नाव सर्वांत खाली, पेनाने लिहिलेलं. बाकी सगळी नावं छापलेली. माझ्या वर जिचं नाव होतं ती मुलगी डी.एड. होऊन तीन वर्षं झालेली. स्वभावाने गोड, मला 'ताई' म्हणायची, पण पर्यवेक्षिकापदासाठी पुढे तिचंच नाव जाणार होतं.

तुम्ही म्हणता हक्क नव्हता. शाळा मी बंद पाडली नव्हती. मुलं इंग्रजी माध्यमाकडे गेली. माझी बावीस वर्षं कुठे गेली, हा प्रश्न विचारायला कोणी जागाच ठेवली नाही.

लिंबोणी

ताई, तुमच्यावर अन्याय झाला, पण पूर्वेच्या पायलटांना जागा होती. घाटवाट यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

लवाद दोघांनीही मान्य केला होता. निवाडा बंधनकारक असणार हे ठाऊक होतं. निकाल विरुद्ध गेल्यावर पूर्वेच्या पायलटांनी, संख्येने जास्त म्हणून, २००८ मध्ये मतदान घडवून आल्पा ही पायलटांची जुनी संघटनाच बाजूला केली आणि यूएस एअरलाइन पायलट्स असोसिएशन नावाची नवी संघटना आणली. तिचं धोरण: निवाडा बाजूला ठेवून ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवरून. १,९०० लोकांच्या वतीने वाटाघाटी करणारी संघटनाच त्यांच्याविरुद्ध उभी. २००८ च्या इंधनदरवाढीत कपात आली तेव्हा पश्चिमेचे लोक घरी गेले. निकोलाऊ यादी लागू असती तर ते वाचले असते. २००९ मध्ये फीनिक्सच्या ज्युरीने संघटनेला दोषी धरलं, २०१० मध्ये अपील कोर्टाने 'अजून वेळ आलेली नाही' म्हणून तो निकाल रद्द केला, आणि २०१५ मध्ये त्याच कोर्टाने संघटनेने आपलं कर्तव्य मोडलं असं म्हटलं. बहुमत आहे म्हणून पंचांचा निकाल फेकून द्यायचा, हे मला ग्रामपंचायतीतही चालत नाही.

घाटवाट

लिंबोणी, हा मुद्दा मान्य. पंच नेमल्यावर त्याचा निकाल पाळायचा. नवी संघटना काढून पळवाट शोधली ती चूक होती, आणि त्याची किंमत त्यांनीच दिली. दोन्हीकडच्या पायलटांचा मिळून एक पगार-करार न झाल्यामुळे पूर्वेचे पायलट वर्षानुवर्षं दिवाळखोरीच्या काळातल्या पगारावर राहिले. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीत विमान उतरवणारे सलेनबर्गर याच पूर्वेकडचे. महिनाभराने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्यांनी सांगितलं की आपला पगार ४० टक्के कापला गेला आहे आणि पेन्शन गेली आहे.

पण बंधनकारक असणं वेगळं आणि न्याय्य असणं वेगळं. तिसरी_पट्टी, तुम्ही 'आशा' म्हणालात, ती नुसती आशा नव्हती. पूर्वेचे वरचे पायलट वयस्कर होते. तेव्हा निवृत्ती साठाव्या वर्षी. दरवर्षी वरच्या खुर्च्या रिकाम्या होऊन घरी बसलेल्यांना बोलावणं येणारच होतं. विलीनीकरण झालं नसतं आणि कंपनी टिकली असती तर त्या जागा त्यांच्याच. निवाड्याने त्या रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या फीनिक्सच्या तरुणांना दिल्या. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६५ झालं आणि यादी पाच वर्षं हललीच नाही, हा आणखी एक फटका.

तिसरी_पट्टी

'कंपनी टिकली असती तर', याच चार शब्दांवर सगळं उभं आहे.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक पायलटांना सरळ तळाला टाकलं. तिथे लवादही नव्हता. काही महिन्यांत ११ सप्टेंबर झालं आणि कपातीत तेच आधी गेले. त्यावरून २००७ मध्ये मकॅस्किल आणि बाँड या मिझुरीच्या दोन सिनेटरांनी कायदा आणला, की याद्या न्याय्य रीतीनेच एकत्र करायच्या, नाही जमलं तर लवाद. निकोलाऊंच्या निवाड्याला मी त्या रांगेत बसवणार नाही.

खारा_वारा

आपल्याकडचं कोणीच का काढत नाही? २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण पायलट दोनच राहिले. ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला, यावरून २०१२ मध्ये एअर इंडियाच्या मूळ पायलटांचा संप ५८ दिवस चालला. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना एकत्र कसं आणायचं यावरचा न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो विलीनीकरणाला पाच वर्षं होत आल्यावर. आधी कागदावर कंपनी एक करायची आणि माणसांचं मागाहून बघू म्हणायचं, तिथेच सगळं बिघडतं. डेल्टा आणि नॉर्थवेस्टने २००८ मध्ये उलट केलं: पगाराचा संयुक्त करार आधी, यादीचा लवाद नंतर. वर्ष संपायच्या आत यादी आली. खिशात काही पडलेलं असलं की माणूस नंबर थोडा खाली गेला तरी सोसतो.

हजेरीपट

मला पगार पूर्ण मिळत होता हो. तरी ते पेनाने लिहिलेलं नाव सोसलं नाही.

लिंबोणी

घाटवाट, तुम्ही लवाद असता तर काय केलं असतं? आकड्यात सांगा.

घाटवाट

आकडा नाही, रीत सांगतो. तेव्हा डाव्या खुर्चीत असलेल्या कुणाचीही खुर्ची काढायची नाही, काही वर्षं तिला कुंपण, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या कुणाला ती मागता येणार नाही. फीनिक्सच्या मुलाला नव्या यादीमुळे कपात लागू द्यायची नाही. पण पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी सेवेची वर्षं मोजायची, सगळी नाही तर काही. आल्पानेही २००९ मध्ये आपल्या विलीनीकरण धोरणात सेवेच्या वर्षांना जागा दिली, निकोलाऊ निवाड्याच्या वेळी ती नव्हती. अमेरिकनशी २०१३ मध्ये पुन्हा विलीनीकरण होऊन सर्वांची एक यादी आली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. २००५ पासून अकरा वर्षं. त्या १,७०० मधले कितीतरी जण तोवर साठीला आले असतील.

तिसरी_पट्टी

कुंपण मान्य. पण वर्षं मोजायला लागलात की माझ्या शेजारी बसलेल्या त्या तरुण कॅप्टनची पुढची बढती मला मिळते. त्याने काय चूक केली होती? मी तरी ती घेतली नसती.