प्रदर्शन संपल्यावर स्टॉलचा कचरा कमी कसा करायचा?

पंपवाली: आमचा पंपांचा स्टॉल असतो. प्रदर्शन संपलं की प्लायवूड, फ्लेक्स, गालिचा, सगळं एकाच ट्रकात कोंबलं जातं. यातलं खरंच काय वाचतं?

मांडणीकार: मी स्टॉल उभारतो आणि मोडतोही. निम्मा कचरा घाईचा. हॉल रातोरात रिकामा करायचा, मग खिळे काढत कोण बसणार? हातोडाच चालतो. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची जोडफ्रेम घ्या, किल्लीने सुटते, पुन्हा पुन्हा वापरता येते. तिच्यावर पीव्हीसी फ्लेक्सऐवजी छापील पॉलिएस्टर कापड ताणायचं. घडी करून पिशवीत मावतं. फक्त त्यावर साल आणि स्टॉल नंबर छापू नका, त्या एका ओळीपायी धडधाकट बॅनर बाद होतो!

कागदकमी: माहितीपत्रकांऐवजी क्यूआर कोड लावा. मागेल त्यालाच कागद.

पंपवाली: आणि गालिचा?

मांडणीकार: तो बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा. चिकटपट्टीचा गोंद लागला की पुनर्वापर अवघड. जमिनीवर तारा नसतील तर गालिचाच नको. चौकोनी तुकड्यांचा भाड्याने मिळाला तर उत्तम.

आयोजनवाला: आयोजकांना आयएसओ 20121 बद्दल विचारा. कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनाचं हे मानक 2012 पासून आहे. शिवाय मोडणीला जास्तीचे तास मागा, करारावर सही करण्याआधीच.