मॅग्नेशिअमचा थर विरघळल्यावर इम्प्लांटची पकड सैल होत नाही का?

प्रश्न – खुबा
नमस्कार. माझ्या आईच्या खुब्याचा सांधा बदलून चार वर्षे झाली. हाड आणि टायटॅनियमची दांडी यांच्यात आता एक बारीक काळी रेघ दिसू लागल्याचे डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवले. त्या निमित्ताने वाचताना, हाड लवकर धरावे म्हणून इम्प्लांटवर मॅग्नेशिअमचा विरघळणारा थर देण्याचे प्रयोग चालू असल्याचे कळले. थर विरघळला की त्या जागी पोकळी राहून पकड उलट सैल होणार नाही का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद – धातुशाळा
शंका अगदी रास्त आहे. १० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर १० मायक्रॉनचा थर दिला, तर त्यात जेमतेम १७ मिलिग्रॅम मॅग्नेशिअम बसते आणि ते पूर्ण विरघळताना सुमारे १६ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. हा वायू सावकाश सुटला तर रक्ताबरोबर वाहून जातो. एकदम सुटला तर मात्र बुडबुडे हाड आणि धातू यांच्यामध्ये अडकतात आणि आपण म्हणता तशी पोकळी खरोखरच राहते. म्हणून सगळी मदार विरघळण्याच्या वेगावर आहे. बेल्जियमचे शल्यचिकित्सक अल्बेर लाम्बोत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशिअमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. दोन वेगळ्या धातूंची जोडी जमल्यामुळे ती ८ दिवसांतच विरघळली आणि कातडीखाली वायू साचला. टायटॅनियमवरच्या थरालाही तोच धोका आहे, कारण थराला जिथे चीर जाते तिथे उघडे पडलेले टायटॅनियम शेजारच्या मॅग्नेशिअमची झीज वाढवते.

प्रतिसाद – अस्थिविचार
वेग आवाक्यात राहिला तर पोकळीऐवजी हाड का भरते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. उंदरांवरच्या २०१६ मधील एका अभ्यासात असे दिसले की, मांडीच्या हाडात घातलेल्या मॅग्नेशिअमच्या आयनांमुळे हाडाच्या आवरणातील संवेदी चेतातंतू सीजीआरपी नावाचे द्रव्य अधिक सोडतात आणि तेथील मूळपेशी हाड घडवणाऱ्या पेशींकडे वळतात. ते आवरण काढून टाकल्यावर ही वाढ फारच कमी झाली. मात्र मॅग्नेशिअम प्रमाणाबाहेर साचले, तर कॅल्शिअम फॉस्फेटचे स्फटिक नीट जमत नाहीत आणि नवे हाड कच्चे राहते.

खुबा
दोघांचेही मनापासून आभार. आईची दांडी बदलायची झाल्यास असा थर मागता येईल का?

अस्थिविचार
त्याआधी ती रेघ जंतुसंसर्गामुळे आली आहे, की सांध्याच्या झिजेतून सुटलेल्या कणांनी हाड खाल्ल्यामुळे, हे रक्ततपासणी करून आणि गरज पडल्यास सांध्यातील द्रव काढून नक्की करून घ्या. या दोन्ही कारणांवर मॅग्नेशिअमचा थर हा उपाय नाही, आणि संसर्ग निघाला तर शस्त्रक्रियेचा सगळा बेतच बदलतो. आईंचे जुने एक्स-रे तारखेनुसार लावून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे रेघ किती वेगाने रुंदावते आहे तेही त्यांना पाहता येईल.