मदत हवी आहे: फेडरल ग्रँटमधून दिलेल्या कंत्राटात आवश्यक कलमेच नाहीत

मृण्मयी_एनजे
नमस्कार. न्यू जर्सीतील एका लहान ना-नफा संस्थेचे हिशेब मी सांभाळते. आमच्या कंत्राटात फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारच्या) नियमांनुसार आवश्यक असलेली कलमे नाहीत, असे पत्र काल आले असून पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. करार दोन पानांचा आहे. त्यात काम, रक्कम, मुदत आणि सह्या एवढेच आहे. कलमांचा तयार मसुदा कुणाकडे असल्यास कृपया आजच द्यावा.

लेखनिक
मसुदा देता येईल, पण पैसे थेट फेडरल खात्याकडून आले की काउंटीमार्फत, काम बांधकामाचे की सेवेचे आणि रक्कम किती, हे कळल्याशिवाय दिलेला मसुदा तुम्हाला अडचणीत आणेल.

सदाशिव_पेठकर
तीन कोटेशन घेतली होती ना? मग काळजी नको. आमच्या संस्थेने नेहमी तीनच घेतली आणि कधीही आक्षेप आला नाही.

लेखनिक
तीन हा आकडा फेडरल नियमात नाही. मध्यम रकमेच्या खरेदीसाठी 'पुरेशा संख्येने' दर मागवावेत, असे २ सीएफआर २०० ही फेडरल अनुदानांची नियमावली सांगते. तीनचा दंडक तुमच्या संस्थेच्या धोरणातला असावा. शिवाय इथे प्रश्न कलमांचा आहे, दरांचा नाही.

मृण्मयी_एनजे
ग्रँट म्हटले की नियम एकच असतील, असे मी धरून चालले होते. पैसे सीडीबीजी या सामुदायिक विकासाच्या फेडरल अनुदानाचे असून काउंटीमार्फत आले आहेत. ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण चालू आहे, कंत्राट ८६,००० डॉलरचे आहे आणि निम्मे काम झाले आहे.

लेखनिक
आता नेमके बोलता येईल. २ सीएफआर २०० च्या दुसऱ्या परिशिष्टात कलमांची यादी आहे, पण ती सरसकट चिकटवू नका, कारण त्यातल्या अनेक कलमांना रकमेची मर्यादा आहे. लॉबिंगबंदीचे आणि जादा तासांच्या मजुरीचे कलम १,००,००० डॉलरच्या वरच्या कंत्राटांना लागते, त्यामुळे तुमच्या कंत्राटाला ती दोन्ही लागत नाहीत. १०,००० डॉलरच्या वर असल्याने करार रद्द करण्याचे कलम मात्र हवेच. ठेकेदार फेडरल कामांतून वगळलेला नाही, याची सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खात्री करणेही आवश्यक आहे. ती तपासणी कराराआधी व्हायला हवी होती. आज करा आणि कागदावर आजचीच तारीख ठेवा, मागची मुळीच टाकू नका.

सर्वांत मोठी जबाबदारी १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याची आहे. सीडीबीजीच्या पैशांतून होणाऱ्या अशा बांधकामात २,००० डॉलरच्या वर तो लागतो. ठेकेदाराने आठवड्याच्या आठवड्याला मजुरी द्यायची, ती तुमच्या काउंटीसाठी ठरलेल्या दरापेक्षा कमी नसावी आणि दर आठवड्याचे पगारपत्रक सही करून सादर करायचे. करारात दुरुस्ती करून या ठरलेल्या मजुरीचे दरपत्रक कामाच्या पहिल्या दिवसापासून लागू करा आणि पंधरा दिवसांची वाट न पाहता काउंटीला कळवा.

वाटसरू_पुणे
भारतात परदेशी निधी घ्यायचा तर एफसीआरए नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. तुमच्याकडे अशी मर्यादा आहे का?

ताळेबंद
त्याचा इथे संबंध नाही. मृण्मयीताई, ऑडिटचेही पाहा. वर्षाचा एकूण फेडरल खर्च ७,५०,००० डॉलरवर गेला तर सिंगल ऑडिट, म्हणजे फेडरल पैशांचे स्वतंत्र लेखापरीक्षण, लागते.

लेखनिक
तो आकडा जुना झाला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी मर्यादा १०,००,००० डॉलर आहे.

मृण्मयी_एनजे
ठेकेदाराकडून पगारपत्रके मागवली. तिसऱ्या आठवड्याच्या कागदावर दोघांच्या नावापुढे कामाच्या रकान्यात 'मदतनीस' एवढेच लिहिले आहे. त्या आठवड्यात ते दोघेही गुडघ्यांवर बसून ओट्यामागच्या भिंतीला टाइल बसवत होते. रोज दुपारी जेवणाचे डबे देताना मी स्वतः पाहिले आहे. त्यांना मदतनिसाचा दर चालेल का?

लेखनिक
चालणार नाही. हुद्दा काहीही लिहिलेला असो, मजुरी प्रत्यक्ष केलेल्या कामाची द्यावी लागते, म्हणजे इथे टाइल कारागिराची. फरकाची रक्कम ठेकेदाराने त्या दोघांना द्यायची आहे. ती दिल्याचा पुरावा आणि दुरुस्त पगारपत्रक हाती येईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका आणि तुम्ही जे पाहिले ते आजच तारखेसह लिहून फाइलला लावा.